झेंडूच्या माळेतलं नाक

मला वास येत नाही. मोगऱ्याचा नाही, करपलेल्या दुधाचा नाही आणि पावसाळ्यात न वाळलेल्या मोज्यांचाही नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण माझं काम काय ते कळल्यावर लोक सावकाश माझ्या नाकाकडे बघायला लागतात. मी सांगलीत भौतिकशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात, म्हणजे जवळजवळ सगळ्याच वेळात, हवेतले वायू ओळखणारी यंत्रं बनवते. आमचे हे एका सहकारी बँकेत आहेत. ते ओळख करून देताना सांगतात, "ही आमची मिसेस. जगाला नाकं वाटत फिरते. घरात दूध उतू गेलेलं मात्र हिला शेजारीण येऊन सांगते."

यात अतिशयोक्ती नाही. शेजारीण खरोखर येते.

माझं माहेर वडूज. चौथीत असताना म्हसवडच्या यात्रेत गोल फिरणाऱ्या लाकडी घोड्यावरून मी पडले, डोक्याच्या मागच्या बाजूवर. बाकी सगळं जागच्या जागी राहिलं, वास तेवढा गेला. डॉक्टर म्हणाले येईल हळूहळू. आई बरीच वर्षं माझ्या नाकाशी कापूर, हिंग, कडुलिंब असं काय काय धरत राहिली. नंतर तिनंही नाद सोडला. शाळेत याचा फायदाच व्हायचा. कोपऱ्यातल्या मुतारीजवळचा बाक कुणाला नको असायचा, तो हक्कानं माझा.

माझे चुलते आप्पा सैन्यातून निवृत्त होऊन वडूजला शेती बघतात. मी पीएच.डी. झाले तेव्हा घरी पुरणपोळीचं जेवण झालं. पान लावता लावता आप्पांनी विचारलं, "म्हंजे नेमकं करतीस काय गं तू?"

"वास ओळखणारी यंत्रं बनवते, आप्पा."

आप्पांनी पान तोंडात टाकलं. "आमच्या पलटणीत त्या कामाला कुत्रं हुतं. लय हुशार. पर त्याला नुसतं मटण मिळायचं. तुला पगार देत्यात व्हय?"

तेव्हापासून माहेरी माझं शास्त्र या पातळीवर स्थिर आहे.

आता या विषयात मी पडले कशी, तर नाक नव्हतं म्हणूनच. आमच्या मार्गदर्शक सरांच्या प्रयोगशाळेत एका खोलीत हायड्रोजन सल्फाइडवर काम चालायचं. सडक्या अंड्यासारखा वास येतो म्हणतात त्याला. कुणी विद्यार्थी तिथं टिकेना. मी टिकले. नुसती टिकले नाही, एक दिवस तिथंच डबा उघडून शेपूची भाजी-भाकरी खात बसले. सर दारातून डोकावले, नाकावर रुमाल दाबला आणि एवढ्या जोरात ओरडले की घास खाली पडला. दंडाला धरून त्यांनी मला व्हरांड्यात आणलं. नळी निसटली होती. मला पत्ताच नव्हता.

मला वाटलं, आता घरी पाठवणार. सर पाणी प्यायले आणि म्हणाले, "अगं, बाकीच्यांना वास येतो, ते पळून तरी जातील. तुझा जीव कुणाच्या भरवशावर? तुला हे यंत्र सगळ्यात आधी लागणार आहे. तूच कर."

बाकीचे संशोधक विषय निवडतात. मी माझ्या यंत्राचं पहिलं गिऱ्हाईक.

आमचं काम बाहेरच्या माणसाला सांगायचं तर थोडं स्वयंपाकासारखं आहे. तव्यावर धिरडं घालतो तसा तापवलेल्या काचेवर कथिलाच्या क्षाराचा फवारा मारायचा. पाणी उडून जातं, काचेवर कथिलाच्या ऑक्साइडचा पापुद्रा उरतो, डोळ्यांना धड दिसतही नाही इतका पातळ. तो सतत गरम ठेवायचा आणि त्यातून वीज सोडायची. हवेतला ऑक्सिजन या पापुद्र्यावर येऊन चिकटतो आणि वीज वाहून नेणारे इलेक्ट्रॉन धरून बसतो. वीज अडखळते. मग अमोनियासारखा वायू आला की तो या ऑक्सिजनला आपल्या कामाला जुंपतो, धरून ठेवलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि वीज मोकळी वाहू लागते. ही मोकळीक मोजायची. ठरलेल्या पातळीपुढं गेली की भोंगा वाजवायचा. झालं नाक.

एवढं सोपं असतं तर माझे केस काळे राहिले असते. या पापुद्र्याला अमोनिया आवडतो, तशी दारूची वाफ आवडते, रंगातला थिनर आवडतो आणि आमच्या एका सहकाऱ्यांचं अत्तरही. ते सहकारी आत आले की काटा हलायचा. त्यांना वाटायचं, आपल्या व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव.

आणि हवेतला ओलावा! माझं पहिलं बरं यंत्र मी मे महिन्यात वडूजला नेलं होतं. आमच्याकडची हवा कोरडी ठणठणीत. आप्पांच्या गोठ्यातला अमोनिया त्यानं असा अचूक पकडला की आप्पांनीसुद्धा मान डोलावली. मी फुशारून सांगलीला आणलं. इथं कृष्णाकाठची दमट हवा, त्यात आषाढ. यंत्राला काही केल्या काही सुचेना. उगाच वाजायचं, नाहीतर ढिम्म बसायचं. आमचे हे म्हणाले, "तुझ्यासारखंच आहे. माहेरी शहाणं, सासरी गोंधळलेलं." लग्नानंतरची माझी पहिली दोन वर्षं आठवून मी वाद घातला नाही. मात्र त्या ओलाव्याच्या मागं पुढची कित्येक वर्षं घातली. पापुद्र्यात दुसऱ्या धातूची चिमूट टाक, तापमान बदल, शेजारी ओलावा मोजणारा दुसरा तुकडा बसव आणि त्याचा आकडा पहिल्यातून वजा कर. माझे विद्यार्थी या काळात शिकले, लग्नं केली, पुण्याला जाऊन संगणकाच्या कंपन्यांत रुजू झाले. मी आपली फवारा मारत राहिले.

मग एकदाचं वाटलं, आता हे यंत्र प्रयोगशाळेबाहेर उभं राहील. त्यासाठी मला कुपवाडचं एक शीतगृह मिळालं.

सांगलीकडं द्राक्षं सुकवून बेदाणा करतात आणि उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत शीतगृहात ठेवतात. ही शीतगृहं अमोनियावर चालतात. नळ्यांतून तो फिरतो आणि खोल्या गार करतो. नळीत असेपर्यंत गुणी, बाहेर आला की डोळे, घसा, फुप्फुसं जाळतो. या शीतगृहात खोल्यांना लागून एक लांब दालन होतं. तिथं बायका जमिनीवर ओळीनं बसून बेदाणा निवडायच्या, काळा वेगळा, पिवळा वेगळा, काड्या बाजूला. चाळीसेक बायका एका वेळी. दालनाला एक मोठं दार, आणि मागं नळ्यांची अरुंद बोळ. बोळीत गळती झाली तर वायू दालनातूनच बाहेर येणार. बोळीच्या तोंडाशी, छताजवळ, मी यंत्र बसवलं. छताजवळ अशासाठी की अमोनिया हवेपेक्षा हलका, आधी वर जमतो.

मालकांना सगळे बापू म्हणत. सफेद शर्ट, पायात कोल्हापुरी आणि बोलण्यात घाई. त्यांनी यंत्राकडं बघून विचारलं, "ह्ये वाजलं की काय करायचं?"

"सगळ्यांना बाहेर काढायचं."

"आणि उगंच वाजलं तर?"

"उगंच वाजणार नाही, बापू."

असं बोलू नये. पहिल्याच आठवड्यात पाऊस आला आणि यंत्र वाजलं. बायका उठून पावसात पळाल्या. आत काही नाही. मग दाराला ऑइलपेंट लावताना वाजलं. मग चालू टेम्पो दाराशी लावला तेव्हा वाजलं. बायकांनी त्याचं नाव ठेवलं आत्याबाई. कारण विचारलं तर मुकादम शालनताई म्हणाली, "मॅडम, लग्नात आत्याबाई कशा असत्यात? कशानं रुसतील सांगता येत न्हाई, आणि रुसल्या की समद्या मांडवाला कळतंय."

शालनताई म्हणजे पन्नाशीची, उंच, खणखणीत आवाजाची बाई. सगळ्या बायकांची रजा, भांडणं, मुलांच्या दहावीच्या परीक्षा, सगळं तिच्या ताब्यात. माझ्या नाकाची गोष्ट तिला पहिल्या भेटीतच कळली होती, कारण ती उदबत्ती लावत असताना मी विचारलं होतं की ही पेटली आहे का. त्यावर ती इतकी हसली की निवडलेला बेदाणा सांडला. तेव्हापासून तिचा माझ्यावर जीव.

बापूंचा मात्र जीव वैतागला होता. दसरा जवळ आला तसा बेदाण्याला उठाव वाढला, गाड्या दाराशी लागायला लागल्या. प्रत्येक भोंग्याला काम थांबायचं. एक दिवस त्यांनी मला ऑफिसात बसवलं, चहा मागवला. चहा मागवला की वाईट बातमी असते.

"मॅडम, तुमच्याबद्दल आदर हाय. पर तुमचं यंत्र लय हळवं हाय. बायका आता दोनदा पळत्यात, तिसऱ्यांदा हसत्यात. आमचा दत्तू मिस्त्री इतकी वर्षं प्लांट बघतोय, त्याचं नाक हाय की. दिवाळीच्या आत आणखी एकदा उगंच बोंबललं, तर काढून घिऊन जावा."

त्यांचं चुकत नव्हतं. उगाच वाजणारा भोंगा हा न वाजणाऱ्या भोंग्याइतकाच वाईट. लोक त्याच्याकडं लक्ष देणं बंद करतात. आणि हे शीतगृह गेलं असतं तर दुसरं कुणी मला दारात उभं केलं नसतं. शीतगृहवाल्यांत अशी गोष्ट एका दिवसात पसरते.

घटस्थापनेच्या सुमारास मी यंत्रात नवी दुरुस्ती बसवली. ओलाव्याचा हिशेब पूर्ण नव्यानं मांडलेला. काही दिवस ठीक चाललं, एकदोनदा कुरकुरलं. आणि खंडेनवमीनंतर अचानक एकदम शांत. रोज मी बापूंना फोन करायची. "वाजलं का?" "न्हाई." दुसऱ्या दिवशी, "वाजलं का?" "न्हाई वो, गप हाय." मध्ये पावसाची एक सर पडून गेली तरी गप! मला आकाश ठेंगणं झालं. इतक्या वर्षांचा ओलावा मी जिंकला होता. स्टाफरूममध्ये पेढे वाटले. आमच्या ह्यांनाही एक दिला. ते म्हणाले, "यंत्र गप्प बसलं म्हणून पेढे वाटणारी तू पहिलीच. आपल्याकडं मूल बोलायला लागलं की वाटतात."

मी हसून घेतलं. त्या बोलण्यावर थांबून विचार करायला हवा होता, पण नवऱ्याच्या विनोदावर थांबून विचार करायची मला सवय नाही.

उरलेले पेढे घेऊन कुपवाडला गेले. दुपारची वेळ. बायका निवडायला बसलेल्या, धुळीसाठी तोंडाला पदर किंवा रुमाल बांधलेला. दाराशी दोन गाड्या भरत होत्या. मी वर बघितलं आणि पेढ्यांचा पुडा हातातच राहिला.

माझ्या यंत्राला झेंडूची दुहेरी माळ घातली होती. सुकली होती, पण भरगच्च होती. आणि माळेच्या मधोमध, जिथून हवा आत जाते त्या बारीक पोलादी जाळीवर, हळद आणि कुंकू कालवून थापलं होतं. वाळून कडक झालेलं. वरून नारळाचं पाणी ओघळल्याच्या खुणा.

"शालनताई, हे काय?"

"खंडेनवमी न्हवती का?" ती पदर खाली ओढून म्हणाली. "मोटारीची केली, वजनकाट्याची केली, टेम्पोची केली. आत्याबाईंची न्हाई करायची? तुमी काय म्हणला असता?"

"पण एवढं कुंकू!"

"रुसू ने म्हणून जरा जास्तच लावलं. आणि मॅडम, पूजा पावली बगा. त्या दिसापासनं आत्याबाई एक शबूद बोलल्या न्हाईत."

सगळ्या बायका माना डोलवत होत्या. मी पेढ्यांचा पुडा हळूच पर्समध्ये ढकलला. माझ्या ओलाव्याच्या नव्या हिशेबाला नाही, तर शालनताईंच्या पाच बोटांना यश आलं होतं. आम्ही सगळ्यांनी मिळून त्या नाकात बोळा कोंबला होता आणि आनंदात होतो, मी पेढे वाटून आणि त्या नमस्कार करून.

स्टूल मागवलं. शालनताईंनी स्टूल धरलं, मी वर चढले, जाळीचं टोपण काढलं. पाण्यानं धुतलं, ब्रशनं घासलं, पर्समधल्या स्पिरिटच्या कापसानं पुसलं. माझ्या पर्समध्ये लिपस्टिक नसते, स्पिरिट असतं. टोपण परत बसवलं. डोळे थोडे चुरचुरत होते. मला वास येत नसला तरी झोंबणं कळतं, पण तेव्हा वाटलं, स्पिरिट आहे, धूळ आहे, कुंकू उडालंय.

यंत्र लगेच वाजलं.

बायका हसल्या. शालनताई म्हणाली, "माळ काढली म्हणून रुसल्या."

मीही हसले. स्पिरिटनं पुसल्यावर वाजणारच, हे मला तोंडपाठ होतं. स्पिरिट उडून जातं, आकडा घसरत घसरत खाली येतो, काही मिनिटांत यंत्र गप्प होतं. प्रयोगशाळेत हा उतार मी इतक्यांदा बघितलाय की डोळे मिटून काढून दाखवीन. मी स्टुलावर उभी राहून छोट्या पडद्यावरचा आकडा बघत होते. उतरला. आणखी उतरला. मग थांबला. आणि मग सावकाश, कुणाला कळणार नाही असा, चढायला लागला.

स्पिरिट असं वागत नाही. उडून गेलेलं परत येत नाही.

तोवर भोंगा ऐकून बापू आले होते. त्यांच्यामागं दत्तू मिस्त्री, गळ्यात मफलर, हातात पाना. बापूंनी स्टुलाखाली उभं राहून वर बघितलं. "मॅडम, गाड्या भरायच्यात. काय झालं?"

"बोळीत अमोनिया आहे असं वाटतंय."

"तुमीच आत्ता स्पिरिट लावलं न्हवं?"

"लावलं. पण हे स्पिरिट नाही."

दत्तूनं मला उतरवून स्वतः स्टुलावर चढून हवा हुंगली. "स्पिरिट हाय वो, बापू. मला तर दवाखान्यात आल्यागत वाटाय लागलंय. आणि थोडाफार वास आपल्याकडं कायमच असतोय." हे तो खोटं बोलत नव्हता. वर्षानुवर्षं थोडा थोडा अमोनिया हुंगणाऱ्या माणसाचं नाक त्याला सरावतं. त्याला खरंच कळत नव्हतं. आणि मला तर कळायचा प्रश्नच नव्हता. खाली बसलेल्या बायकांपर्यंत काही पोचलं नव्हतं, कारण जे होतं ते छताला चिकटून होतं. त्या अख्ख्या दालनात धड नाक एकच होतं, आणि त्याच्यावर कुणाचा भरवसा नव्हता.

खरं सांगायचं तर त्या क्षणी माझाही पूर्ण नव्हता. हेच यंत्र पावसाला घाबरायचं. हेच टेम्पोला घाबरायचं. ओलावा असेल का? माझा नवा हिशेब चुकला असेल का? आणखी थोडं थांबून बघावं का? आता ओरडले आणि काही निघालं नाही, तर यंत्र गुंडाळून घरी न्यायचं, आणि पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही. न ओरडता थांबले आणि... खाली बायका बसल्या होत्या. एकीनं पायाशी लेकराचा डबा ठेवला होता. दार एकच होतं.

मला सरांचा व्हरांड्यातला आवाज आठवला. तुझा जीव कुणाच्या भरवशावर?

"बापू, सगळ्यांना बाहेर काढा. आत्ता."

"मॅडम, ह्ये तुमी सांगताय का यंत्र सांगतंय?"

"आज दोघी एकच आहोत."

बापू घुटमळले. शालनताई घुटमळली नाही. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, काय दिसलं तिला कोण जाणे, आणि आवाज चढवला. "उठा गं! आत्याबाई बोलल्या!"

"आता काय पाऊस बी न्हाई," एक कुरकुरली.

"बेदाणा कुटं पळून चाललाय व्हय? उठ म्हणलं ना! पदर वल्ला करून तोंडाला लावा. ढकलाढकली न्हाई."

बायका उठल्या. हसत, करवादत, चपला शोधत, पण उठल्या. पाण्याच्या पिंपाशी एकेकीनं पदर बुडवला, कारण अमोनिया पाण्यात विरतो, हे मीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं आणि तेव्हा कुणी ऐकतंय असं वाटलं नव्हतं. वाऱ्याच्या उलट्या अंगाला, गेटजवळच्या करंजाच्या झाडाखाली सगळ्या जमल्या. शालनताईंनी डोकी मोजली, दोनदा. गाडीवाले हमाल पण बाहेर आले, बघायला.

दत्तू तोंडाला मुखवटा लावून बोळीत गेला. मनातून तो माझी समजूत काढायलाच गेला असावा. आम्ही दाराकडं बघत उभे. बापू घड्याळ बघत होते, मी माझ्या चपलेकडं बघत होते. मनात एकच, देवा, काहीतरी निघू दे. आणि लगेच, छे, काही निघू नको देऊ. दोन्ही प्रार्थना एकदम करणारी मी एकटीच असेन.

आतून पाना पडल्याचा आवाज आला. मग फुस्स असा लांबलचक आवाज. आणि बोळीतून पांढरं धुकं दालनात आलं. आधी छताखालून सरकलं, मग भिंतीवरून उतरलं आणि बायका जिथं बसल्या होत्या तिथपर्यंत, सांडलेल्या बेदाण्यावर, उलट्या पडलेल्या सुपांवर पसरलं.

"दत्तू!" बापू ओरडले आणि आत धावणार, तेवढ्यात दत्तू धुक्यातून बाहेर आला. मुखवटा तिरका, डोळे लाल, पण स्वतःच्या पायावर. एका वाल्वचं पॅकिंग झिजून आतल्या आत झिरपत होतं. त्यानं हात घातला आणि ते पुरतं सुटलं. तरी गड्यानं मुख्य वाल्व बंद करूनच पाठ फिरवली. नळाखाली बसवून आम्ही त्याचे डोळे धुतले, बराच वेळ धुतले. दवाखान्यात नेलं. डोळे शाबूत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यानं मला फोन केला. "मॅडम, माझ्या नाकाला बी तुमच्यागत काय तरी बसवा."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाण्याचे फवारे मारून हवा मोकळी झाली. बेदाणा बराच वाया गेला. तिकडं न बघता बापू करंजाखाली आले, बायकांकडं एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं, मग माझ्याकडं.

"मॅडम, आत्याबाईंना हार घातला ती चूक झाली का?"

"हार चालेल, बापू. नाकातोंडावर कुंकू नको."

"पुढच्या वर्षीपासनं पूजाच बंद," बापूंनी फर्मान काढलं.

शालनताई पुढं आली. पदर अजून ओला होता. "बंद कशी? आज तिनं राखलं आमाला. आता तर करायचीच."

"मग कुंकू लावू नका," मी म्हणाले.

"मॅडम, कुंकू लावल्याबिगर पूजा असती का? तुमीच सांगा, लावायचं कुटं? त्याला नुसतं नाक हाय. कपाळच न्हाई."

मी यंत्र पुन्हा बसवायला आत गेले तेव्हा हे वाक्य डोक्यात घेऊनच गेले. आजवर मी पापुद्र्याचा विचार केला, ओलाव्याचा केला, थिनरचा केला. यंत्र जिथं राहणार तिथले लोक त्याला माणसासारखं वागवणार, याचा विचार केलाच नव्हता. हात लावायला जागाच ठेवली नाही, तर लोक नाकालाच हात लावणार.

पुढच्या नमुन्यात जाळीच्या वर मी एक गोल, गुळगुळीत पितळी चकती बसवली. रुपयापेक्षा थोडी मोठी. तिचा विजेशी, पापुद्र्याशी, हिशेबाशी काही संबंध नाही. खाली एक छोटी पन्हळ काढली, म्हणजे नारळाचं पाणी जाळीवर न येता बाजूनं ओघळेल. पुढं एका कारखानदारानं यंत्र बनवायला घेतलं, तेव्हा त्यांचे एक तरुण इंजिनिअर नकाशा घेऊन आले. "मॅडम, या चकतीचं काम काय? काढून टाकली तर डिझाइन सुटसुटीत होईल."

मी म्हटलं, "ते कपाळ आहे."

"सॉरी?"

"काढायचं नाही."

आता नकाशात त्या भागाला काहीतरी सभ्य नाव आहे, पण कारखान्यातसुद्धा सगळे कपाळच म्हणतात. माझे निबंध देशोदेशीच्या नियतकालिकांत आले आहेत. तिथं कथिलाचा पापुद्रा आहे, ओलाव्याचा हिशेब आहे (तो शेवटी बरोबर निघाला, हे नोंदवलंच पाहिजे), आलेख आहेत. कपाळ कुठंच नाही. आणि कुणी मला विचारलं की या सगळ्यात तुमचं स्वतःचं असं काय, तर मला आधी तेच आठवतं. सर आता नाहीत. त्यांना ही चकती दाखवायची राहिली, याची रुखरुख आहे. ते हसले असते आणि मग म्हणाले असते, पन्हळीचा उतार तपास.

आत्याबाई आता बऱ्याच शीतगृहांत आहेत. क्वचित उगाचही वाजतात. पण कुपवाडला त्या वाजल्या की शालनताईंच्या बायका आधी उठतात आणि बाहेर जाऊन मग हसतात. यंत्राला अशी माणसं मिळायला नशीब लागतं. एक आत्याबाई आमच्या स्वयंपाकघरातही आहे. दूध करपलं की वाजते. शेजारणीचं येणं कमी झालंय, त्याचं मात्र थोडं वाईट वाटतं. आप्पांनी वडूजहून निरोप धाडलाय की गोठ्यासाठी एक पाठव, आणि मटण खायला तू ये.

यंदा खंडेनवमीला मी कुपवाडला होते. दत्तूनं नवी माळ आणली होती. शालनताई स्टुलावर चढली, ओल्या कुंकवाचं बोट पितळी चकतीवर बरोब्बर मधोमध टेकवलं, अक्षता लावल्या, नारळाचं पाणी शिंपडलं. ते पन्हळीतून बाजूनं ओघळलं आणि मी सुटकेचा निःश्वास सोडला. मग ती खाली उतरली, ताट घेऊन माझ्यासमोर आली. माझ्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं. बोटाला थोडं कुंकू उरलं होतं. तिनं माझ्या नाकाकडं बघितलं आणि बोट पदराला पुसलं.

"भिऊ नगा, मॅडम," ती म्हणाली. "नाकाला लावत न्हाई."